नवरात्राचं एक धुणं

१

माझ्या वातींच्या डब्यातून दवाखान्याची चिठ्ठी गेली. तो रविवार होता आणि पितृपक्ष चालू होता.

चिठ्ठीला पाय नसतात. त्या दिवसांत मलाही एकच होता. दुसरा गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत प्लास्टरात, नवसाच्या पोरासारखा उशीवर निजवलेला. गोकुळाष्टमीनंतर अंगणातल्या धुण्याच्या दगडावर घसरले आणि घोटा मोडला. दवाखान्यात कापून आत खिळा घातला. बाराव्या दिवशी टाके काढले, नवं प्लास्टर चढवलं आणि घरी पाठवलं. प्लास्टर ओलं होतं तेव्हाच डॉक्टरनं त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं काही खरडलं होतं. मी म्हटलं, मी जेवणाच्या डब्यांवर खुणा करते तसं असेल. ह्याचा पाय त्याच्या घरी जायला नको.

मी सावित्रीबाई. चिक्कडपल्लीत तीस वर्षं खानावळ चालवली. नांदेड, परभणी, बीडकडची पोरं हैदराबादला शिकायला यायची आणि माझ्या हातचं जेवून वकील, मास्तर होऊन परत जायची. मी स्वतः दुसरी यत्ता. मराठी अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी आकडे घड्याळापुरते ओळखते. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, प्रताप. महसूल कचेरीत कारकून. घर मी डबे पोचवून बांधलेलं आहे, कोणी दान दिलेलं नाही.

तर चिठ्ठी. पिवळी, इंग्रजीत लिहिलेली. प्रतापनं दवाखान्यातच वाचून सांगितलं होतं, "बारा आठवडे, आई. पाय जमिनीला लावायचा नाही." मी ती घडी करून वातींच्या डब्यात ठेवली. दिवसभर पडल्या पडल्या वाती वळायच्या, दुसरं काम काय.

रविवारी शेजारच्या सुशीलाबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "बारा आठवडे? माझ्या भावाचा घोटा असाच मोडला होता, सहा आठवड्यांत प्लास्टर काढलं. तुमचा पाय आहे का बैलाचा?"

"तुम्ही वाचा," म्हणून मी डबा उघडला. वाती होत्या. चिठ्ठी नव्हती. आणि पांढऱ्याशुभ्र वातींवर चिमूटभर तपकीर सांडलेली होती.

२

मी आरडाओरडा केला नाही. खानावळीत भांडं चोरीला गेलं की ओरडायचं नसतं. त्या दिवशी कोण नीट जेवत नाही ते बघायचं. ज्याच्या पोटात पाप असतं त्याच्या पोटात भाकरी जात नाही, हा माझा तीस वर्षांचा हिशोब.

पण चिठ्ठी माझ्यासाठी साधी नव्हती. ते वर्षच तसं होतं. पहिल्या नोव्हेंबरला आमचं हैदराबाद राज्य मोडणार होतं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, आणि आम्ही बसल्या जागी आंध्रात. सरकारी नोकरांना विचारलं होतं, कुठं जायचं ते लिहून द्या. गल्लीतली निम्मी मराठी घरं ट्रंका बांधत होती. प्रतापनं मला सांगितलं होतं, "मी इथलंच लिहून दिलंय." आणि मी नळावर चारचौघींत म्हणाले होते, "माझ्या पायात दम आहे तोवर ह्या घरातून कोणी हलणार नाही."

आता पायच नव्हता. तो पहिल्या नोव्हेंबरच्या आधी मला परत हवा होता. मध्येच कोणीतरी माझ्या पायाचा कागद पळवला होता.

खोलीत येणारी माणसं चार. प्रताप, सून निर्मला, कामाला येणारी सत्यवती आणि धाकटे दीर दत्तोबा. दत्तोबा अंबरपेठेत एकटे राहतात. कोर्टातून पेन्शनीत निघाले, इंग्रजी वाचतात, तपकीर ओढतात, आणि वीस वर्षं दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतात.

प्रतापला मी यादीत धरलंच नाही. का, ते सांगते. दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो माझ्या पायाशी बसला. स्वतःचं धुवट धोतर फाडलं, त्याच्या पट्ट्या केल्या आणि प्लास्टरवर वरपासून खालपर्यंत गुंडाळल्या. म्हणाला, "धूळ बसेल, आई. माशा बसतील." हळुवार, बाळंतिणीला बांधावं तसं. लहानपणी लंगोटाची गाठ मी शिकवली होती, तीच गाठ मारली. बापाच्या माघारी ह्या पोराला मी कधी जवळ घेतलं नव्हतं, वेळच नव्हता. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडले. असा मुलगा चिठ्ठी चोरेल का?

आधी सत्यवतीला बोलावलं.

"चिठ्ठी चुलीत घातलीस?"

"अय्यो अम्मा. चूल मी गोवरीनं पेटवते. कागदाची राख कडू, तुम्हीच बोल्ले ना."

बोलले होते खरी. तिला वाचता येत नाही, तेलुगूसुद्धा. तिला चिठ्ठी काय करायची. मी म्हटलं, "आज जेवताना सगळ्यांची ताटं बघ. कोणी काय टाकलं ते मला येऊन सांग."

दुपारी ती खरकट्या हातानं दारात उभी राहिली. "दत्तोबा अय्यांनी अर्धी भाकरी टाकली. निर्मलाम्मा तर बसल्याच नाहीत. प्रतापबाबूंनी पुसून खाल्लं, अम्मा. वरण दोनदा मागून घेतलं."

तपकीर आणि अर्धी भाकरी. मी दत्तोबांना हाक मारली.

३

"भावजी, माझा डबा तुम्ही उघडलात."

दत्तोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोर्टात साक्षीदार करतात तशी. "तपकीर काय, वाऱ्यानं उडते, वहिनी."

"झाकणाखाली वारा शिरतो?"

"तुम्हाला वकील व्हायचं होतं."

"मी वकील जेवायला घातलेत. चिठ्ठी कुठं आहे?"

ते मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठी माझ्याकडे नाही. देवाशपथ नाही." शपथ खरी होती, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. चोर शपथ घेताना समोर बघतो, हे खाली बघत होते. "नाही" खरं होतं, पण मागं काहीतरी शिल्लक ठेवून. उठताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथं आहात म्हणून आम्ही दोन घास खातो. तुम्ही पडून राहा. आराम करा."

वीस वर्षांत त्यांनी मला आराम करा म्हटलेलं मला आठवत नाही.

मग निर्मला. नल्लकुंट्याच्या मास्तराची मुलगी, मॅट्रिक झालेली. बारा वर्षं ह्या घरात आहे, आणि बारा वर्षांत आमचं एका चुलीवर पटलं नाही. ती भाजीत गूळ घालायची, मी काढायला लावायचे. खरं सांगते, चिठ्ठी तिनं घेतली असावी असं मला मनातून हवंच होतं.

"निर्मला, चिठ्ठीत किती आठवडे लिहिले होते?"

ती गव्हातले खडे वेचत होती. वेचायची थांबली नाही. "मला विचारू नका, आत्याबाई."

"का? तुला इंग्रजी येतं म्हणून तर करून आणली."

"येतं." तिनं सूप खाली ठेवलं. "ह्यांना विचारा."

"म्हणजे तुला ठाऊक आहे."

ती सूप घेऊन उठली. दारात पाठमोरी थांबली. "आत्याबाई, परवा नवरात्राचं धुणं काढतेय. घरातली चिंधी न चिंधी धुवायची म्हणता ना तुम्ही? तेच करतेय."

मी म्हटलं, सासूनं चोर ठरवलं तर सून धुण्याच्या गोष्टी सांगते. किती निर्लज्ज ही.

संध्याकाळी प्रताप आला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "चिठ्ठी हरवली म्हणे. हरवू दे, आई. मला पाठ आहे. बारा आठवडे." पायाची पट्टी सैल झाली होती, ती त्यानं पुन्हा घट्ट केली.

मी निश्चिंत झोपले. त्याचीच आता लाज वाटते.

४

आमच्यात घट बसायच्या आधी घर धुतात. वाकळा, पडदे, उशांचे अभ्रे, देवाच्या खालचं वस्त्र, दाराला अडकवलेला झोळा. जे कापूस आणि सूत म्हणून घरात आहे ते पाण्यातून निघालंच पाहिजे. हे बायकांचं काम. पुरुष त्या दिवशी कचेरीत लवकर जातात आणि वाळलेल्या कपड्यांवर परततात. त्यांना कशाकशाला पाणी लागतं त्याचा पत्ता नसतो.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी निर्मलेनं पहाटेपासून दगड धरला. मी पडल्या पडल्या ऐकत होते. वाकळ आपटल्याचा आवाज वेगळा, लुगड्याचा वेगळा. चार वाकळा मोजल्या. दुपारी सत्यवती वाळलेल्या वाकळा आत आणू लागली, तेव्हा मी विचारलं, "चारी आल्या?"

"दोन आल्या अम्मा. तुमची, आणि पाव्हण्याची. प्रतापबाबूंची आणि निर्मलाम्माची ट्रंकेत घातली. ट्रंक दत्तोबा अय्या रिक्षात घालून नेली, अंबरपेठ."

मी काही बोलणार, तेवढ्यात निर्मला अंगणातून मोठ्यानं बोलली. सत्यवतीशी बोलत होती, पण सत्यवती तर माझ्याजवळ उभी होती.

"झालं गं सगळं. घरातलं सगळं धुणं झालं. आत्याबाईंच्या पायाची पट्टी तेवढी राहिली."

थोड्या वेळानं पुन्हा, आणखी मोठ्यानं. "तेवढी एक पट्टी राहिली. मला सोडायला मनाई आहे."

मनाई. कोणाची? डॉक्टरनं तर पट्टी बांधलीच नव्हती.

बारा वर्षांत ह्या बाईनं मला एकदाही एखाद्या धुण्याची आठवण करून दिली नव्हती. मीच तिला द्यायची. आज ती एकच गोष्ट दोनदा सांगत होती, भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सत्यवती," मी म्हटलं, "दार लोट. आणि पट्टी सोड."

धोतराच्या पट्ट्या सुटत गेल्या. आतल्या थराला जांभळा डाग होता. मग प्लास्टर दिसलं. त्यावर डॉक्टरचं ते जांभळं खरडलेलं. सत्यवतीनं उशी उंच केली, मी मान वाकवून पाहिलं. अक्षरं मला परकी. पण आकडे घड्याळातले होते.

वर एक ओळ: १२, ९, ५६. खाली दुसरी: २४, १०, ५६.

बाराव्या सप्टेंबरला मी घरी आले होते. मी बोटांवर मोजलं, मग खात्रीसाठी वातींवर मोजलं. एका दिवसाची एक वात, अशा बेचाळीस वाती मांडल्या. बेचाळीस म्हणजे सहा आठवडे. एकही जास्त नाही.

चिठ्ठी चोरता येते. पाय चोरता येत नाही. तो झाकावा लागतो.

५

मी पट्टी तशीच पुन्हा बांधून घेतली, प्रतापच्या गाठीनं. ती गाठ माझीच होती.

रडले नाही. पहिल्या वेळी रडले होते तेच वाया गेलं होतं.

त्या दिवसापासून मी चांगली रोगी झाले. प्रताप विचारायचा, "दुखतं का, आई?" मी म्हणायची, "फार." त्याला बरं वाटायचं. घट बसले, दसरा झाला, सोनं लुटून लोक पाया पडायला आले, मी पलंगावरून आशीर्वाद दिले. घरातून वस्तू हलत होत्या. पितळी परात गेली, प्रतापच्या बापाची छत्री गेली. मी त्यांची नावं काढली नाहीत.

चोवीस ऑक्टोबर, बुधवार. प्रताप कचेरीत गेला. निर्मलेनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी माहेरी जाऊन येते. चार तास लागतील." चार तास, असं मोजून सांगितलं.

रिक्षावाल्यानं आणि सत्यवतीनं मला उचलून बसवलं. दवाखान्यात डॉक्टरनं पट्टी सोडली, आकडे पाहिले आणि हसला. "अम्मा, ऐन तारीख पे आए. कौन पढ के बताया?"

"पढना नै आता सो उसने."

मोठ्या कात्रीनं प्लास्टरच्या दोन फाका झाल्या. आतला पाय बघवेना. सोललेल्या शेंगेसारखा, बारीक, वाळका. पण माझा. डॉक्टर म्हणाला काठी घ्या, गरम पाण्यात शेका, हळूहळू भार टाका. मी म्हटलं, "वो दोनो टुकडे मेरे कू दे दो."

"क्या करते अम्मा?"

"घर में काम है."

घरी येऊन त्या दोन फाका पायावर परत बसवल्या, वरून धोतराची पट्टी, वर गाठ. प्रताप संध्याकाळी आला, पट्टीला हात लावून म्हणाला, "घट्ट आहे ना?" मी म्हटलं, "हौ, बाबा. छान घट्ट आहे."

तीन दिवस दुपारी मी सत्यवतीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायला शिकले. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत. घाम फुटायचा, डोळ्यांपुढं काजवे. तिसऱ्या दिवशी काठीवर एकटी.

शनिवारी स्वयंपाकघरातून वास आला. दुधात भिजवलेल्या पिठाचा, तव्यावर भाजल्याचा. दशम्या. दशम्या घरी बसून कोणी खात नाही, त्या गाडीतल्या प्रवासाच्या. मी वास घेऊन किती आहेत ते ओळखू शकते. दोन माणसांच्या होत्या.

६

रविवारी सकाळी प्रताप आला. नवा सदरा, डोक्यावर टोपी. मागं दत्तोबा. दारात निर्मला, पदर घट्ट धरून.

"आई, तीन-चार दिवस दौऱ्यावर निघालोय. निर्मला माहेरी राहील. काका इथं झोपायला येतील. दिवाळीच्या अभ्यंगाला मी हजर."

"बस," मी म्हटलं. "भावजी, तुम्हीही बसा. गाडीला वेळ आहे. काचीगुडा काही दूर नाही."

काचीगुडा म्हटल्यावर प्रतापचा चेहरा उतरला. दौऱ्यावर जाणारा त्या स्टेशनवर जातो की नाही, ते मला माहीत नाही. पण मुंबईकडचं लिहून देऊन औरंगाबादला जाणारा तिथूनच जातो.

"माझी चिठ्ठी गेली होती," मी म्हटलं. "कोणी नेली ते सांगते. भावजी, तुम्ही डबा उघडलात, तपकीर सांडली. पण तुम्ही शपथ घेतलीत की चिठ्ठी तुमच्याकडे नाही, आणि ती शपथ खरी होती. म्हणजे तुम्ही काढली आणि दुसऱ्याला दिलीत."

दत्तोबांनी टोपी काढली. "तो म्हणाला, रजेच्या अर्जाला जोडायची आहे. मला नंतर कळलं, वहिनी."

"कळल्यावर सांगितलं नाहीत. मी इथं राहिले तर तुमचं ताट राहतं. मी तुम्हाला समजू शकते. तुम्ही भुकेचे आहात."

मग मी प्रतापकडे वळले. "तू जेवलास. चिठ्ठी गेली त्या दिवशी काका जेवले नाहीत, बायको जेवली नाही, तू वरण दोनदा घेतलंस. तीस वर्षं ताटं वाचली मी, आणि तिथंच चुकले. मनात पाप असलेला जेवत नाही, हे खरं. पण ज्यानं त्या पापाला पुण्य म्हणून मनाशी घोळवून घेतलंय, तो पोटभर जेवतो."

"आई, काय बोलतेयस."

"डॉक्टरनं तारीख दोन ठिकाणी लिहिली. चिठ्ठीवर आणि पायावर. चिठ्ठी काढून घेता येत होती. पायावरची पुसता येत नव्हती, ती पेन्सिल पाण्यानं आणखी गडद होते, हे तुला कारकुनाला ठाऊक. म्हणून तू धोतर फाडलंस. धूळ बसेल म्हणालास. माशा बसतील म्हणालास."

त्यानं माझ्या पायावरच्या गाठीकडे पाहिलं.

"चोवीस ऑक्टोबर आणि तुझे बारा आठवडे, ह्यांच्या मधे काय येतं? दिवाळी येते आणि पहिली नोव्हेंबर येते. दिवाळीसाठी कोणी आईचा पाय बांधून ठेवत नाही. आधी मला वाटलं, मला उचलून न्यायचा बेत असेल. मग वाकळा मोजल्या. माझी राहिली. न्यायचं असतं तर माझा पाय लवकर बरा व्हावा असं तुला वाटलं असतं. नेणाऱ्याला चालणारी म्हातारी लागते. सोडून जाणाऱ्याला पडलेली लागते."

"तूच म्हणालीस," प्रताप एकदम म्हणाला, खाली बघत. "नळावर. सगळ्या गल्लीसमोर. पायात दम आहे तोवर कोणी हलणार नाही. मी काय करायचं होतं? तिकडं दोन खोल्या आहेत. बढती आहे. तुला सांगितलं असतं तर तू दारात आडवी पडली असतीस. तुझ्याशी कोण बोलणार, आई? आजवर कोण बोललंय? आणि निर्मलेला तुझं—"

"निर्मलेच्या पदराआड लपू नकोस. तिनंच मला सांगितलं."

त्यानं दाराकडे पाहिलं. निर्मला म्हणाली, "मी काही सांगितलं नाही."

"नाही," मी म्हटलं. "तू फक्त धुणं मोजलंस."

मी वाकले, गाठ सोडली. पट्टी उलगडत गेली. प्लास्टरच्या दोन फाका जमिनीवर पडल्या, करवंटी फुटावी तसा आवाज झाला. मी काठी घेतली आणि उभी राहिले. पाय थरथरत होता, पण जमिनीला होता.

दत्तोबा भिंतीला टेकले. प्रताप माझ्या पायाकडे बघत राहिला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. चार दिवस बोलले नसते, तुझ्या ताटात मीठ जास्त घातलं असतं. पाचव्या दिवशी काय म्हणाले असते, ते तुला ठाऊक नाही. मलाही नाही. ते कळायची वेळच तू ठेवली नाहीस. पण विचारायचं होतं."

तो पुढं आला. "मग चल. आता चल आमच्याबरोबर. आत्ता."

मी त्याच्याकडे पाहिलं. ह्या क्षणी तो मनापासून बोलत होता, ते मी नाकारत नाही.

"तिकिटं किती काढलीस?"

त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"बोल ना. तुला आकडे येतात."

"दोन," तो म्हणाला.

 रिक्षा बाहेर घंटी वाजवत होती. निर्मला वाकली. आधी दुखऱ्या पायाला हात लावला, मग चांगल्या. मी तिच्या कानाशी म्हटलं, "दशम्यांत मीठ कमी पडलंय, वासावरून कळतं. बरोबर लोणचं ने. आणि भाजीत गूळ घालत जा तिकडं, आता कोण बघतंय." ती पदर तोंडाशी धरून गेली. प्रताप पाया पडायला वाकला तेव्हा मी पाय मागं घेतला. तेवढाच घेता येत होता.

रिक्षा गेली. दत्तोबा तसेच बसले होते. अकरा वाजले, बारा वाजले. मग म्हणाले, "वहिनी, दोन घास..."

"खानावळ बंद आहे, भावजी."

ते टोपी घालून गेले. अंबरपेठेपर्यंत चालत गेले असतील.

मी जमिनीवरून पट्टी उचलली. सत्यवती म्हणाली, "द्या अम्मा, मी धुते." मी म्हटलं, "तू बस. नवरात्राचं एक धुणं राहिलंय, ते माझं आहे."

काठी टेकत अंगणात गेले. अकरा पावलं. जिथं घसरले होते त्याच दगडाशी बसले. साबण लावला, घासलं, आपटलं. धोतर पांढरं झालं, डाग तेवढा पाण्यानं आणखी जांभळा झाला. आकडे उलटे उमटले होते, तरी वाचता येत होते.

पुन्हा घासलं नाही. पट्टी तशीच दोरीवर घातली, रस्त्यावरून दिसेल अशी.